धुरपदाबाईचं सिलोन

"तुझ्या एका घरापायी माझं सिलोन राहायलंय, मावशी," धुरपदाबाई म्हणाली.

गजराबाईनं सूप खाली ठेवलं नाही. ज्वारी पाखडत ती म्हणाली, "राहू दे की मग. सिलोनला कुठं तुझं माहेर हाय?"

अंगणाबाहेर लिंबाखाली हणमंतप्पा उभा होता. लोहाऱ्याच्या दवाखान्यातून तो गावोगाव देवीची लस टोचायला जाई. त्याला देवी डॉक्टर म्हणत. या गावानं आजवर त्याला वेशीतूनच परत पाठवलं होतं. घरात देवी आली की दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, पाणी शिंपायचं आणि तिला रागवू द्यायचं नाही, एवढाच इथला उपचार.

या खेपेला मात्र गावानंच निरोप धाडला होता. धुरपदाबाई समुद्रापलीकडं निघाली होती.

दोन वर्षांपूर्वी तिची लेक, अयोध्या, देवीच्या साथीत गेली. तेव्हापासून ती कुणाच्या लग्नाला गेली नव्हती, बाजारालाही नाही. मग एके दिवशी विहिरीवर ती एकाएकी म्हणाली, मी सिलोन बघायला जायलेय. चावडीतल्या रेडिओवर गाणी लागतात ते सिलोन सगळ्यांना ठाऊक होतं. बायांना बरं वाटलं. बाई निदान बोलायला लागली.

लोकांनी तिच्या नवऱ्याला, बलभीमला, विचारलं. "मला काय इचारता? तिला इचारा," तो म्हणाला. घरचं रान मोठं होतं. जाणं परवडेल की नाही, अशी शंका कुणाला आली नाही.

अडचण निघाली ती वेगळीच. बोटीवर चढताना देवी काढल्याचा, म्हणजे लस टोचल्याचा, दाखला लागतो, आणि तो एकटीचा चालत नाही. गावात एक जरी माणूस टोचायचं राहिलं, तरी त्या गावच्या माणसाला बोटीवर घेत नाहीत. धुरपदाबाईनं हे दारोदार जाऊन सांगितलं. हणमंतप्पानं असा नियम ऐकला नव्हता. पण नियम मुंबईत निघत आणि लोहाऱ्याला पोचेपर्यंत बदललेले असत. त्यानं सुया बाहेर काढल्या.

लोकांनी आधी कुरकुर केली. मग महांतप्पा वाण्यानं बाही वर सारली.

"आपल्या गावची बाई बोटीत बसायली. आपल्यापायी अडायला नको," तो म्हणाला. "मात्र येताना नारळ आण. तिकडं लई स्वस्त म्हणं."

त्याच्यामागं सगळी आळी आली. कुणी शंख सांगितला. एकीनं बाटलीत समुद्राचं पाणी मागितलं. पोरांनी गाणारी बाई बघून यायला सांगितलं. धुरपदाबाई प्रत्येकाला 'बरं' म्हणे आणि टोचून झालेल्या पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवी.

राहिलं होतं गजराबाईचं घर. ती आणि तिची सहा नातवंडं.

"देवी काढायची म्हणजे काय गं?" गजराबाई म्हणाली. "ती काय पायातला काटा हाय? ती येती, बसती. आपुन हात जोडून वाटं लावायची."

"काढायची न्हाय, मावशी. बोलवायची. दंडावर, बारीकशी. एक फोड येईल. तेवढा मान घेईल आन् जाईल. आपुन आपल्या हातानं बोलावल्यावर ती रुसून कशाला यील?"

सूप थांबलं. "आन् आलीच तर?"

"तर माझं नाव सांग तिला. माझ्या घरला येऊन गेली हाय ती. वळखती मला."

गजराबाईनं सूप बाजूला सारलं.

"तुझ्या पोरीच्या उशाला म्या बसले होते," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर हसू बघायचं राहिलंय. जा बाई, जाऊन ये." आणि लिंबाकडं बघून तिनं आवाज चढवला. "ये रे डॉक्टरा. आधी माझा दंड घे. कातडं जुनं हाय. सुई मोडली तर म्या भरून देणार न्हाय."

हणमंतप्पानं आधी तिला टोचलं, मग नातवंडांना. सगळ्यात धाकटं रडायला लागलं, तेव्हा धुरपदाबाईनं त्याला मांडीवर घेतलं. टोचून झाल्यावरही तिनं त्याला लगेच खाली सोडलं नाही.

आठवड्यानं हणमंतप्पा फोड बघायला आला. सगळ्यांच्या दंडावर फोड उठले होते; लस लागू पडली होती. ज्या वेशीतून त्याला हाकलत, तिथंच बायांनी त्याच्यासाठी धपाटे आणि दही आणून ठेवलं.

वैशाखात ओढ्यापलीकडच्या वाडीत देवी आली. तिथून चार तिरड्या उठल्या. इकडं एकाही दाराला डहाळा लागला नाही.

साथ ओसरल्यावर हणमंतप्पा धुरपदाबाईच्या घरी आला. ओट्यावर बाया जमल्या होत्या. गजराबाई त्यांना सांगत होती, "हिच्या सिलोननं माझी सहा पोरं राखली. आता हिला एकदा बोटीत बसवा गं." बाया हसल्या. मुहूर्त कधीचा, म्हणून त्यांनी आत हाक मारली.

हणमंतप्पा आत गेला. पिशवीतून त्यानं परदेशी जाणाऱ्याला लागते ती पिवळी पुस्तिका काढली. ती मिळवायला तो मुद्दाम उस्मानाबादेला जाऊन आला होता.

"इतकी वर्षं या गावात मला कुणी पाणी दिलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमच्यामुळं एकही माणूस टोचायचा राहिला नाही. उपकार कसे फेडू? हा तुमचा दाखला. नाव घालतो, सही करतो. निघायची तारीख तेवढी सांगा."

धुरपदाबाईनं पुस्तिकेला हात लावला नाही. ओट्यावरच्या बायांना ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणून ती म्हणाली, "ती ठिवा तुमच्याजवळच, कुणी खरंच जाणारं भेटलं तर द्या. मला फक्त येवढं सांगून जावा, हणमंतप्पा, हे सिलोन हाय कुठं?"