गाईच्या वाट्याचा डबा

“ताई, साहेबांचा डबा तर आपल्या गल्लीतली गायच खाते,” वत्सलाबाईंनी भांडी घासता घासता सांगितलं होतं, दिवाळीच्याही आधी. “पोळ्या तशाच, भाजी तशीच. एकदा बघा की.” पल्लवीनं ते हसण्यावारी नेलं. कंपनीच्या कँटीनमध्ये चांगलंचुंगलं मिळत असेल, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं.

संक्रांतीनंतर तिचा नवरा, देवव्रत, मशीनसमोर भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी रक्तदाब तीनदा मोजला. काल, मंगळवारी, अंबडच्या कारखान्यातली मॅनेजरकी सोडून तो घरी आला. जूनपासून आयटीआयमध्ये शिकवणार होता. तोवर घरीच.

तरी आज सकाळी पल्लवीनं सवयीनं त्याचा डबा भरला. कडी लावल्यावर तिच्या लक्षात आलं. पण तो रिकामा करायला मन होईना. ओट्यावर तसाच राहिला.

नऊला कारखान्यातून फोन आला.

“हो सर... मशीन कालपासून बंद? नाही, तसं नाही सर... फक्त आजचा दिवस ना?”

बोलता बोलता देवव्रतनं दाराजवळचे कंपनीचे जाड बूट पायानंच ओढून घेतले. एक पाय आत गेलासुद्धा. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ‘फक्त आजचा दिवस’ तिनं सहा वर्षं ऐकला होता. आज तिनं तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

तेवढ्यात स्वरदा बाहेर आली. चार वर्षांची, बालवाडीचा फ्रॉक घातलेली, वेणी एकच झालेली. बाबांना पाहून ती थबकली आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, “आई, हळू. आज शनिवार आहे.”

“बुधवार आहे गं आज.”

“बाबा घरी आहेत ना? मग शनिवार. त्यांची झोपमोड होईल.”

कारखान्याची सुट्टी शनिवारची. त्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपायचा. स्वरदानं आपले बूट हातात घेतले आणि टाचा उचलून, आवाज न करता, बाबांसमोरून दाराकडे निघाली.

देवव्रत तिच्याकडे बघत राहिला. पलीकडून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

“सर,” तो म्हणाला, “आज बुधवार आहे. बुधवारी मी घरी असतो.” पलीकडचं ऐकून पुन्हा म्हणाला, “कधीपासून म्हणजे? आजपासून.”

फोन ठेवून त्यानं पाय बुटातून काढला.

“स्वरदा, आज कुठला वार?”

“शनिवार,” ती अजून कुजबुजतच होती.

“बुधवार. मोठ्यानं म्हण.”

“बुधवार.”

“हे काय म्हणणं झालं? खालच्या वैद्यकाकूंना ऐकू गेलं पाहिजे.”

स्वरदानं आधी आईकडे पाहिलं. आई नाही म्हणेना, तेव्हा तिनं अशी आरोळी ठोकली की वैद्यकाकू पीठ लागल्या हातानं अंगणात आल्या. “काय झालं गं पल्लवी?”

“काही नाही काकू. बुधवार झालाय,” पल्लवी म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिला कठडा धरावा लागला.

बाप-लेक स्कूटरवरून बालवाडीला गेले. जाताना देवव्रतनं ओट्यावरचा डबा उचलून हुकाला अडकवला. बारापर्यंतची बालवाडी, आणि दोघं उगवली अडीचला, पांडवलेणीच्या पायथ्याशी जेवून, उन्हानं लाल होऊन. पल्लवी तोवर चारदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आली होती. ती रागवायच्या आत दोघंही चटईवर आडवी झाली. बापाच्या पोटावर पाय टाकून स्वरदा घोरत होती.

संध्याकाळी वत्सलाबाईंनी डबा उघडला आणि नळाखाली धरायच्या आधी पल्लवीला दाखवला.

“बघा, चाटूनपुसून खाल्लाय. आता गाईला काय घालू मी?”

गाय रोजच्यासारखी फाटकावरून मान आत घालून उभी होती. पल्लवीनं तिच्यासाठी एक ताजी पोळी लाटली.

तुमच्याही घरी संध्याकाळी कुणाचा तरी डबा परत येत असेल. आज तो तुम्ही स्वतः उघडून बघा.