बिनबूस्टरचे ब्रेक

गाडी थांबण्यासाठी आखलेली फक्कीची रेघ ओलांडून तशीच पुढे गेली आणि रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीला बंपर टेकवून थांबली.

शेंद्र्याच्या एमआयडीसीतला हा रस्ता रविवारी ओसाड असतो. तात्यासाहेबांची लेक मोनिका धावत निघाली, तिच्यामागून गॅरेजवाले अप्पाराव. तात्यासाहेब दार उघडून बाहेर आले ते ओरडतच.

"ब्रेक धरत नाहीत, अप्पाराव! काय बसवलंय हे? जीव घेता व्हय माझा?"

तात्यासाहेबांचा आवाज मुळातच मोठा. चूक स्वतःची असली की त्याला आणखी धार यायची.

फियाट बहात्तरची. तरुणपणापासून तात्यासाहेब तिच्यावर शर्यती मारत आले होते, आणि पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या शर्यतीत तेच ती चालवणार होते. त्यासाठी पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून अप्पारावांनी डिस्क बसवली होती. डिस्कला पाय जोरात मारावा लागतो, तेव्हा बूस्टरही लावू, पॅडल हलकं होईल, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यावर तात्यासाहेब भर गॅरेजात म्हणाले होते, "बूस्टर लेच्यापेच्यांच्या गाडीला लावा. माझा पाय हाय अजून." सगळे हसले होते. मोनिकाही हसली होती.

त्या पायाचं खरं असं होतं की दिवाळीपासून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नव्हतं. आताही रेघ जवळ आली तेव्हा पाय ब्रेकवर आहे की नाही हे त्यांना खाली बघून ठरवावं लागलं, आणि दाबायला जोर आलाच नाही. साखरेनं पाय बधिर केलाय हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लेकीनं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती.

अप्पारावांनी जॅक लावला, चाक उतरवलं, खाली बसून पाइप चाचपले. दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. कपाळावरचा घाम कोपरानं पुसत ते म्हणाले, "तेल गळत नाय. हवा नाय. पॅडबी बरोबर बसलेत. मला तर काय गावत नाय. पण तुम्ही म्हणता म्हंजी खोट आसंलच. या गाडीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

आता बोलावं, असं तात्यासाहेबांना वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बघा नीट."

अप्पाराव उठले आणि त्यांनी खिशातून फोन काढून शर्यतीत उतरणाऱ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला लावला. "शिवराज, गाडी हलवू नको. व्हय, तुला परवा बसवले तेच ब्रेक. तात्यासाहेबांच्या गाडीला धरले नाहीत. माझ्या कामात खोट हाय. सगळं काढून देतो, पण शर्यतीचं यंदा राहू दे."

पलीकडून शिवराजचा चढलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला. अप्पाराव नुसते "चुकलं बाबा, माझंच चुकलं," म्हणत राहिले.

तात्यासाहेबांना लाज वाटली. आणि त्या लाजेतही पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, कुणाला कळलं नाही. त्या विचारानं तर त्यांची मान वर होईना.

चाकं पुन्हा चढली. मोनिकानं किल्ली मागितली. "मी बघते एकदा."

"नको," तात्यासाहेब घाईनं म्हणाले.

"खोट हाय तिच्यात, पोरी," अप्पारावही म्हणाले.

"हळू नेते, काका."

तिनं गाडी मागे घेतली, लांब जाऊन वळवली, आणि हळूबिळू काही आणली नाही. वडिलांनी आणली होती तशीच सुसाट आणली. रेघेच्या अलीकडे टायर किंचाळले, फियाटनं नाक खाली घातलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. डांबरावर काळे पट्टे उमटले. रेघ अजून चांगली पुढे होती.

मोनिका लगेच उतरली नाही. गाडी मागे घेतली तेव्हा बाभळीपाशी तिला एक कॅनव्हासचा बूट पडलेला दिसला होता. आता ती उतरून तिकडे गेली, बूट उचलला आणि वडिलांच्या उजव्या पायापुढे ठेवला. तात्यासाहेबांनी खाली पाहिलं. तापलेल्या डांबरावर ते इतका वेळ नुसत्या मोज्यावर उभे होते.

"नाही धरत, काका," मोनिका अप्पारावांना म्हणाली. "पप्पा म्हणतात ते बरोबर आहे. बूस्टर लावून टाका."

अप्पारावांनी रस्त्यावरचे पट्टे पाहिले. मग तो मोजा पाहिला, आणि पाहिल्यासारखं दाखवलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "बिगर बूस्टरची द्यायलाच नको व्हती. माझंच चुकलं."

दोघांपैकी कुणी हसलं असतं तर तात्यासाहेबांना बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

अप्पारावांनी पुन्हा फोन लावला. "शिवराज, ने गाडी. बिनघोर ने. तुझ्या ब्रेकला कायबी झालेलं नाय." पलीकडचं ऐकून ते थांबले. फोनवर तळवा ठेवून हलकेच म्हणाले, "त्यो इचारतोय, मंग तात्यासाहेबांच्या गाडीला काय झालं? काय सांगू?"

मोनिका दुसरीकडे बघत होती. तात्यासाहेबांनी घसा साफ केला. आवाज तरीही मोठा निघाला नाही.

"सांगा त्याला," ते म्हणाले, "गाडीला कायबी झालेलं नाय."