भाविकाची बडबड

भाविकाचं तोंड वर्गात कधी मिटायचं नाही. वंदनाबाई फळ्याकडे वळल्या रे वळल्या, की ही शेजारच्या मितालीकडे तोंड करून सुरू. बाईंनी रागावून पाहिलं, दाराशी उभं करून पाहिलं. पोरगी खालमानेनं एवढंच म्हणायची, "बाई, बोलत नाय मी. हिला सांगते."

दिवाळी सरली आणि तिचे आईबाप पोरंबाळं घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. वर्ग शांत झाला. बाईंना हायसं वाटलं. मिताली तेवढी मागे पडत गेली. कालपरवापर्यंत गणितं बिनचूक सोडवणारी पोर आता वही उघडून नुसती बसून राहायची.

मग एक दिवस मुलांचे कान तपासायला मुरबाडहून डॉक्टर आले. त्यांनी मितालीच्या पाठीमागे थाळी वाजवली. तिनं मान वळवली नाही.

"हिला लहानपणापासूनच ऐकू येत नसणार, बाई. ओठ बघून समजून घेते ही," ते म्हणाले. "पण तुम्ही फळ्याकडे तोंड करून शिकवता, तेव्हा हिला कोण सांगतं?"

बाईंनी मितालीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. वर्ग अगदी शांत होता.