फौजदाराला टाळी

राहुरीच्या थिएटरात दुपारच्या खेळाला रंगनाथ म्हातारा एकटाच येऊन बसला होता. पडद्यावर गेनबा दरोडेखोर सावकाराचं कोठार फोडून गोरगरिबांना धान्य वाटत होता आणि पब्लिक शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होतं. रंगनाथही मन लावून बघत होता, पण टाळी काही देईना. अखेर फौजदारानं गेनबाला गाठलं आणि त्याचे हात दोरानं बांधायला घेतले. सगळं थिएटर हळहळलं. तेवढ्यात रंगनाथनं कडाडून टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या खुर्चीतली कॉलेजातली मुलगी चिडलीच. "आजोबा, हीरो धरला गेला की! टाळ्या कसल्या वाजवताय?"

"आमच्या गावच्या जत्रंत हेच नाटक व्हायचं, पोरी. तीस वर्सं गेनबा मीच हुतो. लई टाळ्या खाल्ल्या."

"मग तर तुम्हाला जास्तच वाईट वाटायला पाहिजे."

"फौजदाराचं काम आमचा फैयाज करायचा. त्याला तीस वर्सांत कुनी एक टाळी दिली न्हाई. मीबी न्हाई. औंदा रमजानच्या तोंडावर गेला."

पडद्यावर फौजदार अजून दोर करकचून आवळत होता. रंगनाथ स्वतःचं मनगट चोळत बसला.

"ह्यो नुसताच आवळतोय," तो पुटपुटला. "फैयाज गाठ मारता मारता कानाशी लागून इचारायचा, 'रंग्या, लागत तर न्हाई ना?'"