चिकटपट्टीचे तुकडे

व्हायोलिनच्या मानेवर आईनं लाल-निळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून. मुलगा दारातच थबकला. अंगावर पाल पडावी तसं त्याला झालं.

बाबांचं व्हायोलिन होतं ते. बाबा हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नसत आणि दुसऱ्या कुणाला धुतलेला हातही लावू देत नसत. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता त्यावर आईची हनुवटी होती आणि हनुवटीखाली स्वयंपाकघरातलं फडकं. फडक्याला तेलाचा डाग.

ती डोळे मिटून वाजवत होती. सूर तीन-चारच. वर चढायचे, तिथं जरा रेंगाळायचे, मग घसरगुंडीवरून आल्यासारखे खाली यायचे. शेवटी एक गिरकी. गिरकी जमली की ती स्वतःशीच हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ना धड गाणं, ना धड सराव. वर पायातली चप्पल तालात फटफटत होती.

तो तसा नाकानं कांदे सोलणाराच. पण वादक पक्का. अवघडातलं अवघड त्याच्या हातात बसलेलं. लोकही मैफलीनंतर तेच सांगत. एक चूक नाही म्हणत, छत्र्या उचलत आणि घरी जात. पुन्हा बोलावणारे मात्र कमी होत चालले होते. शनिवारची मैफल पडली तर पुढं कुणी विचारणार नव्हतं. आपल्या वाद्यातच गोडवा नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. म्हणून तो बाबांचं न्यायला आला होता.

त्यानं हात पुढे केला. आईनं व्हायोलिन दिलं. त्यानं नखानं एक तुकडा खरवडला. खाली चिकट डाग राहिला. शी! लहानपणी त्याच्या छोट्या व्हायोलिनवरही असेच तुकडे होते. बाबांनी एक दिवस ते ओरबाडून काढले, आता खेळ पुरे म्हणाले आणि समोर पाठांचं पुस्तक ठेवलं. बरं केलं, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं.

त्यानं तारा जुळवल्या आणि शनिवारच्या रचनेची सुरुवात वाजवून पाहिली. एक चूक नाही. गोडवाही नाही. त्यानं पुन्हा वाजवली. तेच. वाद्य तेच, खोली तीच, आणि मघाशी ते तेलकट फडकं हनुवटीखाली असतानाही ही खोली सुरांनी भरून गेली होती. बहिरा नव्हता तो. त्याला आपल्याच बोटांची किळस आली, आणि राग निघाला आईवर.

"मघाशी काय वाजवत होतीस ते?" त्यानं विचारलं. "कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?"

आई फडक्याची घडी घालत होती.

"गाढव नको म्हणूस रे त्याला," ती म्हणाली. "सहा वर्षांचा होतास तू."