पाइनच्या रानातली शीळ

मार्सेलीनोने करवत बंद केली आणि जमिनीवर ठेवली. "यापुढची झाडं मी तोडणार नाही," तो म्हणाला.

मागे बुलडोझर जागेवरच धडधडत होता. धम्मदीपने घड्याळ पाहिलं. साडेतीन. कॅरी या अमेरिकी शहराबाहेरचं चाळीस एकर पाइनचं रान आठ दिवसांत भुईसपाट झालं होतं. ओढ्याकाठचा एक तुकडा तेवढा उभा होता, आणि तो अंधार पडायच्या आत पाडून घेणं साइट इंजिनिअर म्हणून धम्मदीपच्या अंगावर होतं. सोमवारी तिथे घरांसाठी खोदाई सुरू व्हायची होती.

"झालं काय?"

"आत तो आहे. टाटा दुएंदे."

मार्सेलीनो बेलीझचा, पन्नाशीचा, कामाला वाघ. आठ दिवसांत त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. आता त्याचा चेहरा उतरला होता.

"आमच्याकडच्या रानांचा राखणदार," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढासा म्हातारा, डोक्यावर भलीमोठी टोपी. पाय उलटे. त्याला अंगठे नसतात, म्हणून दुसऱ्याचे दिसले की उपटून घेतो. मी टोपी पाहिली, शीळ ऐकली. आणि ही पावलं बघ."

चिखलात पावलं उमटली होती. लहान, उथळ. सगळी झाडीतून बाहेर येणारी. पण बाहेर तर कोणीच दिसत नव्हतं.

कमरेचा रेडिओ खरखरला. "धम्मदीप, मशीन का थांबलंय?" ऑफिसमधून त्याचे बॉस उल्हास सर विचारत होते.

"सर, कटर म्हणतो आत काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे? यार, त्याला घरी पाठव आणि डायरेक्ट बुलडोझर घाल. आणि हे बघ, तुझे ग्रीन कार्डचे पेपर्स माझ्या टेबलवर आहेत. सह्या मीच करणार आहे ना? उगाच मला विचार करायला लावू नकोस."

धम्मदीपने रेडिओ खाली केला. कॉलेजात असताना नागपूरच्या वस्त्यांमधून भानामतीचे खेळ उघडे पाडत फिरलेला माणूस तो. उलट्या पायांच्या म्हाताऱ्यापायी एका कामगाराची नोकरी जाणार, याचाच त्याला जास्त राग आला.

"मी आत जाऊन येतो. कोणी नसेल तर करवत उचलायची. कबूल?"

मार्सेलीनोने मान डोलावली. "अंगठे मुठीत झाकून जा, इंजिनिअर."

"माझे अंगठे माझ्याकडेच राहतील."

चाळीस पावलांवर बुलडोझरचा आवाज दबला. पाइनच्या वाळक्या काड्यांवर बुटांचा आवाजही होईना. ऊन वरच्या वर अडलं होतं. आणि मग शीळ ऐकू आली. संथ, लांबवलेली, अगदी जवळून. धम्मदीप थबकला. आपल्या मुठी घट्ट मिटल्यात आणि अंगठे आत आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. स्वतःवरच चिडून त्याने हात मोकळे सोडले आणि तो पुढे गेला.

झुडपांपलीकडे खरोखरच टोपी होती.

टोपीखाली एक कृष्णवर्णीय म्हातारी होती, जेमतेम त्याच्या छातीला लागेल एवढी. शीळ घालत ती लांब दांड्याच्या दाताळ्याने काड्या ओढत होती. त्याला पाहताच शीळ थांबली. तिने दाताळं दोन्ही हातांनी आडवं धरलं.

"आजच पाडणार का?" तिने विचारलं.

"तुम्ही इथे काय करताय? मघाशी बाहेर आला होतात?"

"बघायला आले होते. त्या मशीनकडे पाठ करायची हिंमत होईना, म्हणून तिकडेच तोंड ठेवून उलटी चालत परतले."

तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं. तिने झाडून काढलेल्या जागेत गुडघ्याएवढे दगड रांगेने रोवलेले होते. एकापाशी फुटकी बशी, एकापाशी शिंपले. दगडांसमोरची जमीन माणसाच्या लांबीची, खचलेली. काही खळगे हातभरच लांब होते.

"हे आमच्या नकाशात नाही," धम्मदीप म्हणाला.

"नकाशा काढायला आलेल्यांनी मला कुठे विचारलं?"

"किती आहेत?"

"मला ठाऊक असलेले तेवीस. इथल्या तंबाखूच्या शेतावर राबणारी आमची माणसं. दगडावर नाव कोरायला कोणाला अक्षर येत नव्हतं."

रेडिओ पुन्हा खरखरला. "क्लिअर आहे ना? सोडू का मशीन?"

म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण काय विचारलं जातंय ते कळलं असावं.

"सर, इथे कबरी आहेत. तेवीस."

मग उल्हास सरांचा आवाज खाली आला. "हेडस्टोन्स आहेत? नावं आहेत?"

"नाही. साधे दगड आहेत."

"मग दगडच आहेत ना! प्लॅनवर नाही, नाव नाही. तू पाहिलंच नाहीस असं समज. कोणाला कळणार आहे?"

धम्मदीपने दगडांच्या रांगेकडे पाहिलं.

"मी पाहिलंय, सर. मी काउंटी प्रशासनाला कळवतोय."

"धम्मदीप, त्या पेपर्सचं—"

"माहीत आहे, सर."

त्याने चॅनल बदललं आणि बुलडोझरवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. दूरची धडधड थांबली. रानात एवढी शांतता झाली की म्हातारीचा श्वास ऐकू आला. तिने दाताळं अजून खाली ठेवलं नव्हतं.

धम्मदीपने खिशातून फील्डबुक काढलं, कोरं पान उघडलं, दगडांच्या रांगा आखल्या. मग तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"तुम्हाला नावं आठवतात?"

म्हातारीने टोपी काढली. हळूहळू खाली बसली.

"आधी बाळांची घे," ती म्हणाली.