बॅटरीतलं पाणी

वीज गेली आणि इन्व्हर्टर लगेच किंचाळायला लागला. केतकी धावली. कॉम्प्युटरमध्ये तिच्या वारलेल्या बाबांचं मन होतं. तो एकदा बंद पडला की बाबा कायमचे जाणार होते.

"आई, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालतेस ना?"

"नाही. वर्षभर देवघरातलं गंगाजल घालतेय," इंदूताई म्हणाल्या. "दवाखान्यात यांच्या तोंडात घालायचं राहून गेलं. रोज दिवेलागणीला पाणी मागतात गं."

"अगं, ते पाणी मागणं म्हणजे नुसती शेवटची आठवण आहे त्यांची! बॅटरी मेली ना त्याने!"

इंदूताईंनी पडद्यावर हात ठेवला. "अहो, पाणी हवंय?"

स्पीकर खरखरला. पडदा विझता विझता बाबांचा आवाज आला, "नको. भागली तहान."